वाकडे वेढे

माझ्या भावाचं नाव तुम्हाला कुठल्या कॅसेटवर सापडणार नाही. पण तुम्ही त्याला ऐकलंय, हे मी स्टँपपेपरवर लिहून देतो. रेडिओवर जुनं गाणं लागलं आणि बसल्या जागी तुमचा पाय हलायला लागला, तर तो पाय माझ्या भावानं हलवला असं समजा. गायक कानातून आत जातो. बेस गिटार जमिनीतून येते आणि पायातून वर चढते. हे मला कुणी शिकवलेलं नाही, मी सातवीत शाळा सोडली. पण बेचाळीस वर्षं भावाला ऐकतोय, तेवढं कळतं.

घरात त्याला घुम्या म्हणतात. लहानपणी तीन-तीन दिवस तोंड उघडायचा नाही. आई म्हणायची, "त्याच्या वाटणीचं थोरल्यानंच बोलून टाकलंय, तो बिचारा काय बोलणार?" मी बोलतो, ते मला मान्य आहे. माझ्याबद्दल बोलतो आणि त्याच्याबद्दल त्याहून जास्त बोलतो. तो स्वतः बोलणार नाही, मग कुणी बोलायचं?

माझा धंदा मोटारी भरायचा. पंपाची, गिरणीची, पंख्याची मोटार जळाली की आतली काळी पडलेली तांब्याची तार उपटून काढायची आणि नवीन तारेचे वेढे घालायचे. माझं काम बघायला दुसऱ्या दुकानांतले कारागीर येतात. वेढ्याला वेढा असा चिकटलेला असतो की मधून मुंगीचा पाय जाणार नाही. पंचेचाळीस वर्षांत माझी भरलेली एकही मोटार परत आलेली नाही. एक आली होती, पण ती गिऱ्हाइकानं विहिरीत पाडली होती. ती मोजायची नाही.

आता त्याच्या बेसचं सांगतो. घुम्या एकोणीस वर्षांचा होता, छापखान्यात कागद कापायचा. संध्याकाळी काम सुटलं की कुठं जातो ते कळेना. एक दिवस मी मागोमाग गेलो. हा पठ्ठ्या एका मोठ्या हॉटेलाच्या मागच्या दाराशी, भांडी घासायच्या मोरीजवळ उभा. आत बँड वाजत होता. मला वाटलं, कुणा गाणाऱ्या पोरीच्या नादी लागलाय. तर हा बघत होता ड्रमच्या बाजूला उभ्या असलेल्या एका वाकलेल्या म्हाताऱ्याकडे. तो म्हातारा चार तारांची लांब गिटार घेऊन उभा होता आणि त्याच्याकडे अख्ख्या हॉटेलात दुसरं कुणीही बघत नव्हतं.

त्या म्हाताऱ्याला सगळे बेसवाले काका म्हणायचे. त्यांनी घुम्याला आत बोलावलं, दोन वर्षं शिकवलं, आणि सांध्यांनी बोटं आखडली तेव्हा स्वतःचा बेस त्याच्या हातात दिला. मी तिथं होतो. काका म्हणाले, "रंग लावायचा नाही. पुसायचा, पण चकाकवायचा नाही. तारा तुटल्याशिवाय बदलायच्या नाहीत."

मी म्हटलं, "काका, साधा गिटारवाला महिन्याला तारा बदलतो की!"

"तो टणटण करतो म्हणून बदलतो," काका म्हणाले. "आपल्याला ढुम पाहिजे. ढुम म्हणायला तारेला पंधरा-वीस वर्षं लागतात. माणसाला त्याहून जास्त लागतात."

बेस घुम्याच्या जन्माच्या आधीचा. कधीकाळी पांढरा असलेला रंग म्हाताऱ्याच्या दातासारखा पिवळा पडलेला. वर जिथं हाताची कोपरापुढची बाजू टेकते तिथं रंग घासून आतलं लाकूड दिसतं. अंगठा टेकायच्या जागी खळगा पडलाय. डोक्यावर, खुंट्यांच्या शेजारी, एक काळा चट्टा आहे. वाजवताना काका पेटती सिगरेट तारेच्या टोकाला खोचून ठेवायचे आणि गाणं संपेपर्यंत विसरायचे. माझी बायको तो बेस पहिल्यांदा बघून म्हणाली होती, "भावजी, हा भंगारवाल्याकडून आणला की भंगारवाल्याला द्यायचाय?"

घुम्या म्हणाला होता, "वहिनी, कपाट रिकामं करा." आणि त्यानं बेसचं डोकं आमच्या लाकडी कपाटाला टेकवून एक तार छेडली. स्पीकर नाही, वीज नाही, नुसतं कपाट. अख्खं कपाट गायला लागलं. सराव असाच करायचा, कारण स्पीकर घ्यायची ऐपत तेव्हा नव्हती. आमच्या कपबश्यांचे कान त्यानंच उडवलेत.

तर असा हा माणूस. छापखाना सोडला, हॉटेलात वाजवलं, मग स्टुडिओत गेला आणि वीस वर्षं त्या स्टुडिओतून हलला नाही. पुढं कीबोर्ड आले. एक माणूस, दोन हात, त्यात बासरीपण आणि बेसपण. बोलावणी कमी झाली. घुम्या काही बोलला नाही, पण महिनोन् महिने बेस खोळीबाहेर निघेना, हे मला त्याच्या बायकोकडून कळायचं. वय एकसष्ट झालं.

आणि मग मास्तरांचा फोन आला. मास्तर म्हणजे ज्यांच्या गाण्यांना घुम्यानं भर तारुण्यात बेस वाजवला ते संगीतकार. त्यांना स्वतःची नऊ जुनी गाणी नव्यानं रेकॉर्ड करायची होती. जे वादक हयात आहेत त्यांनी यायचं, ज्या कोपऱ्यात बसायचे त्याच कोपऱ्यात बसायचं. घुम्याला म्हणाले, "तोच बेस, तोच आवाज. आवाज तो नसला तर उगाच ओढाताण नको, कीबोर्डवाला डाव्या हातानं काढेल. मी त्याला बोलावून ठेवलाय."

सोमवारी रेकॉर्डिंग. गुरुवारी सरावात बेस मुका झाला.

घुम्या तडक माझ्या दुकानात आला. आयुष्यात या माणसानं माझ्याकडे काही मागितलेलं नाही. बेस टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "दादा, याचा पिकअप गेला. वाद्यांच्या दुकानात म्हणाले, काढून टाका, नवीन बसवा. नवीन बसवला तर हा हा राहणार नाही."

पिकअप म्हणजे तारांच्या खाली बसवलेली चुंबकं आणि त्यांच्याभोवती गुंडाळलेली तांब्याची तार. वर तार हलली की खाली वीज तयार होते आणि स्पीकरकडे जाते. म्हणजे काय? वाइंडिंग! मी मीटर लावला. तार आत कुठंतरी तुटलेली. मला हसू आलं.

"एवढंच? अरे, तुझा भाऊ काय करतो?"

"दादा, तार केसाहून बारीक आहे."

"मग मी काय दोरखंडानं मोटारी भरतो? शनिवारी सकाळी येऊन घेऊन जा."

"जसं होतं तसंच—"

"जसं होतं त्याहून चांगलं!" मी म्हटलं. इथंच माती खाल्ली, पण तेव्हा कळायला मार्ग नव्हता.

शुक्रवारी मी जुनी तार उलगडली. मशीनला काटा असतो, तो वेढे मोजतो. साधारण साडेनऊ हजार भरले. पण काम बघून मला लाज वाटली. कुणी भरलं होतं कोण जाणे! वेढे कसेही पडलेले, एक इकडं, एक तिकडं, मध्ये पोकळ, कडेला फुगवटा. माझ्या दुकानात कुणी असं काम केलं असतं तर त्याला दारातूनच परत पाठवला असता. मीटर दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्याकडून तसली बारीक तार आणली आणि श्वास रोखून बसलो. ओळीनं, थरावर थर. नीट रचल्यावर आपोआप जागा उरली. उरलेली जागा रिकामी ठेवणारा मी नव्हे. जास्त वेढे, जास्त ताकद, हे शेंबडं पोरही सांगेल. तेरा हजार बसवले. वर वॉर्निश, भट्टीत शेक, कॉइल दगडासारखी घट्ट. म्हटलं, आता तुझ्या नातवापर्यंत बघायला नको.

शनिवारी घुम्या आला. दुकानातल्या छोट्या स्पीकरला वायर जोडली, एक तार छेडली. फळीवरचे नटबोल्ट थरथरले.

"बघ!" मी म्हटलं. "आधी एवढा आवाज होता का?"

"नव्हता," तो म्हणाला. आणखी दोन सूर वाजवले. मग वायर काढली, बेस खोळीत घातला. "छान झालंय, दादा." आणि गेला.

मी खुशीत घरी जेवायला गेलो. बायकोला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भावजी हसले का?"

"तो कधी हसतो?"

"छान म्हणाले?"

"म्हणाला की! छान झालंय म्हणाला."

"मग काहीतरी बिघडलंय," ती म्हणाली. "त्यांना काही आवडलं तर ते 'हं' म्हणतात. छान म्हणतात ते फक्त मी खारट केलेल्या आमटीला."

घास तसाच राहिला. मी उठून त्याच्या घरी गेलो. दार त्याच्या बायकोनं उघडलं. "दुकानातून आल्यापासून असेच बसलेत," ती म्हणाली. "बेस ठेवून देतो म्हणतात. सोमवारी जाणार नाही, मास्तरांना कळवून टाक म्हणतात."

घुम्या खिडकीपाशी बसला होता, बेस मांडीवर आडवा.

"खरं बोल," मी म्हटलं.

"छान झालंय, दादा."

"आईची शप्पथ घेऊन सांग."

त्यानं एक तार छेडली. "आवाज मोठा झालाय," म्हणाला. "पण प्रत्येक सुराच्या तोंडाला पट्टी बांधलीय. आधी सूर यायचा, बसायचा, उठून जायचा. आता आला की जागा अडवून बसतो." मग हळूच म्हणाला, "दादा, तू याची मोटार केलीस."

एवढं लांब तो स्वतःच्या लग्नातही बोलला नव्हता. मला राग आला. साहजिक आहे. पंचेचाळीस वर्षांत माझ्या कामाला नाव ठेवणारा जन्मला नव्हता, आणि जन्मला तो माझ्याच घरात. पण तो चिडून बोलत नव्हता. दोष देत नव्हता. जायचंच नाही असं ठरवून बसला होता, म्हणजे मला कधी कळणारच नाही. मास्तरांना काहीतरी कारण सांगितलं असतं, बेस माळ्यावर टाकला असता आणि मी मरेपर्यंत मला 'छान झालंय' म्हणत राहिला असता.

मी विचारलं, "जुनी कॉइल वाकडीतिकडी होती. तशीच पाहिजे?"

त्यानं मान वर केली. "वाकडी होती?"

"झोपेत भरल्यासारखी."

"तशीच पाहिजे," घुम्या म्हणाला.

रविवारी दुकान बंद असतं. शटर अर्धं वर ओढून आम्ही दोघं आत बसलो. आधी माझं शुक्रवारचं काम ब्लेडनं कापून काढलं. वॉर्निश असं धरलं होतं की तार उलगडता येईना, सोलावी लागली. माझंच वॉर्निश ते, धरणारच. चुंबकं मोकळी केली, पुसली, मशीनवर चढवली. काटा शून्यावर आणला.

पाचशे वेढ्यांवर घुम्यानं भिंग लावून बघितलं. "दादा, सरळ येतायत."

"मी वाकडेच घालतोय!"

"बघ तूच."

बघितलं. कवायतीला उभे राहिल्यासारखे. हात ऐकेना. मी काढून टाकले, पुन्हा सुरुवात केली, या वेळी मुद्दाम हात डावीकडं-उजवीकडं हलवत. त्यानं पुन्हा भिंग लावलं.

"आता?"

"आता वाकडे आहेत. पण सगळे एकसारखे वाकडे आहेत."

सांगा, माणसानं काय करावं! लोक आयुष्यभर सरळ काम शिकायला धडपडतात आणि मी माझ्याच दुकानात बसून वाकडं काम शिकत होतो, तेही जमत नव्हतं. तिसऱ्यांदा तार काढली तेव्हा घुम्या म्हणाला, "दादा, तू बोल."

"काय बोलू?"

"नेहमीचं. लोकांना माझ्याबद्दल सांगतोस ते."

"तुझ्यासमोर?"

"मी नाही असं समज. तू बोलायला लागलास की तुझं हाताकडं लक्ष नसतं. चहा सांडतोस."

मी बोलायला लागलो. त्या बाईंची गोष्ट सांगितली, मोठ्या गायिका, रेकॉर्डिंग थांबवून सगळ्या वादकांच्या मधून चालत याच्याकडं आल्या आणि म्हणाल्या, तुम्ही एक मात्रा थांबलात तर मला पाय टेकायला जागा राहत नाही, तेव्हा थांबत जाऊ नका.

"थांबत जाऊ नका असं नव्हत्या म्हणाल्या," घुम्या म्हणाला. "सांगून थांबा म्हणाल्या."

"तू नाहीयेस इथं. गप्प बस."

मग मैदानावरच्या कार्यक्रमाची सांगितली. वीज गेली, सगळे माइक बंद पडले, गिटारवाले हात वर करून उभे राहिले, आणि या गड्यानं बेसचं डोकं स्टेजच्या लाकडी फळ्यांना टेकवलं आणि वाजवत राहिला. ड्रमवाला त्याच्या आधारानं सुरू राहिला. पाच हजार लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला.

"तीनशे होते."

"मोजलेस तू?"

"खुर्च्या तीनशे होत्या."

"उभे राहिलेले कोण मोजणार?"

बोलताना मला माझंच हसू येत होतं, मध्ये डोळेही भरून आले, ते तारेच्या धुळीमुळं असेल. आई बरी नव्हती तेव्हाची एक गोष्ट सांगितली. तिला झोप लागायची नाही. हा तिच्या पलंगाच्या लाकडाला बेस टेकवून दुपारभर एकच चाल वाजवायचा, अगदी हळू, आणि आई म्हणायची, कुणीतरी पाठीवरून हात फिरवतंय. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. घुम्यानं त्यात काही दुरुस्ती केली नाही.

"थांब," तो एकदम म्हणाला. त्याचं लक्ष काट्याकडं होतं. साडेनऊ हजार.

मी खाली बघितलं आणि तोंडात बोट घातलं. मध्ये पोकळ, कडेला फुगवटा. असलं गबाळं काम माझ्या हातून पहिल्यांदा झालं होतं, आणि ते त्या जुन्या कामाच्या जुळ्या भावासारखं दिसत होतं. वॉर्निशच्या डब्याकडं माझा हात गेला, त्यानं तो धरला. मग थोडं मेण वितळवून त्यात बुडवलं, तेवढंच.

टोकं जोडली, कॉइल जागेवर बसवली, वायर लावली. त्यानं सर्वांत जाड तार छेडली. फळीवरचे नटबोल्ट हलले नाहीत. पण माझ्या स्टुलाच्या पायातून काहीतरी वर आलं, बसलं आणि उठून गेलं. घुम्यानं डोळे मिटून दुसरा सूर वाजवला, मग तिसरा. मग मास्तरांच्या एका गाण्याची सगळी सुरुवात.

"हं," तो म्हणाला.

सोमवारी मला म्हणाला, तू पण चल. मी इस्त्रीचा शर्ट घातला. स्टुडिओत काचेच्या अलीकडं, रेकॉर्डिंग करणाऱ्याच्या खोलीत मला खुर्ची मिळाली, आणि शेजारच्या खुर्चीत तो कीबोर्डवाला, टक्कल पडलेला, सभ्य माणूस, आपलं वाद्य खोळीतच ठेवून. काचेच्या पलीकडं घुम्या जुन्या कोपऱ्यात ड्रमच्या डाव्या हाताला उभा राहिला. मास्तर वयानं वाकलेत, पण कान अजून चाकूसारखे. त्यांनी कानावर हेडफोन चढवले आणि बोट वर केलं.

गाणं सुरू झालं आणि पहिल्या कडव्यातच मास्तरांनी हात आडवा केला. सगळं थांबलं. म्हटलं, संपलं, माझ्या हातानं याचं संपवलं.

मास्तर माइकवर म्हणाले, "व्हायोलिनवाले, तुम्ही वर चढताय. पुन्हा." मग रेकॉर्डिंग करणाऱ्याकडं वळून म्हणाले, "आणि बेस एवढा खाली का ठेवलास? वर घे. तो आहे म्हणून तर गाणं उभं आहे."

पुन्हा सुरू झालं ते शेवटपर्यंत गेलं. मास्तर काचेच्या अलीकडं आले आणि कीबोर्डवाल्याला म्हणाले, "तुम्हाला उगाच त्रास दिला. नऊच्या नऊ हेच वाजवतील. तुम्ही निघालात तरी चालेल."

कीबोर्डवाला उठला. खुर्ची उचलली आणि काचेच्या आणखी जवळ नेऊन ठेवली, घुम्याचे हात दिसतील अशी.

मी पण माझी खुर्ची सरकवली. म्हटलं, "माझा धाकटा भाऊ आहे तो."

"कळलं हो," तो म्हणाला. "सकाळपासून चौथ्यांदा सांगताय."

"मग पाचव्यांदा ऐका," मी म्हटलं.